भाजायच्या आधी की मागनं

ताईंच्या शेडमध्ये कामाला लागले त्याच दिवशी मी बुरशीच्या दोन पिशव्या मोरीत ओतून वर फिनाइल टाकलं होतं. फळीवर शिजवलेल्या ज्वारीच्या पिशव्या रांगेनं लावलेल्या होत्या आणि दाण्यादाण्याला पांढरा कापूस लागलेला. मला वाटलं, नासल्या. नव्या माणसानं आल्याआल्या काहीतरी काम दाखवावं, म्हणून तिसरी पिशवी उचलली, तेवढ्यात ताई आल्या. कपाळाला हात लावून स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अगं बाई, तीच तर पिकवायची आहे आपल्याला! लोक बुरशी मारतात, आपण वाढवून विकतो."

एवढंच. ओरडल्या नाहीत की घरी जा म्हणाल्या नाहीत. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मालकीण कडक असेल, म्हणून ही बिचारी गप्प बसली. तसं नव्हतं. भीती माझी स्वतःची होती. ती मी गावाकडून येताना बरोबरच आणली होती.

गाव माझं वाशीमकडं. आठवीत शाळा सुटली. घरात त्याचं कोणाला फार वाटलं नाही, मलाही तेव्हा वाटलं नाही. लग्न झालं आणि नवऱ्याच्या कामापायी वरवे बुद्रुकला आलो. हायवेच्या जवळ एका छोट्या कंपनीत ते पॅकिंगला होते. वर्षभरात कंपनीनं माणसं कमी केली, त्यात ते गेले. माहेर एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. तिकडं फोन करून काय सांगायचं? अशात खोलीच्या मालकिणीनं ताईंचं नाव काढलं. ताई शेतीचं शिकलेल्या, त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलेलं. मला त्यांनी शाळेचा दाखला मागितला नाही. "हात स्वच्छ धुता येतात का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, येतात. त्या दिवसापासून मी हात इतक्या वेळा धुते की बोटांची साल जाते.

काम सोपं होतं पण फार जपून करायचं. ज्वारी उकडायची, निथळायची, पिशवीत भरायची, मोठ्या कुकरात वाफवायची म्हणजे त्यातले बाकीचे सगळे जंतू मरतात. मग थंड झाल्यावर काचेच्या पेटीत हात घालून, दिव्याजवळ, श्वास रोखून, त्यात आपली बुरशी सोडायची. पिशवी गरम असताना सोडली तर बुरशी मरते. हे मला पहिल्या आठवड्यात पाठ झालं होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. म्हणून तर जास्त लाज वाटते.

एकदा दुपारी ताईंनी मला हाक मारली. "ये, तुझी बुरशी काय करते ते बघ." दुर्बिणीसारखं ते यंत्र, त्यात डोळा लावला. आधी माझी पापणीच दिसली. मग दिसलं. काचेच्या धाग्यासारखे बारीक किडे वळवळत होते. सूत्रकृमी म्हणतात त्यांना, मातीत राहतात, पिकाच्या मुळात घुसतात, मग मुळांना गाठी येतात आणि वरती झाड पिवळं पडतं. त्या वळवळीत मधेमधे बुरशीचे धागे, आणि धाग्यांना बारीक बारीक फासे. एक किडा फाशाला चिकटला. झटके देत होता, शेपटी आपटत होता. थोड्या वेळानं हलायचा थांबला.

"आता ती त्याच्या अंगात शिरेल आणि आतून खाईल," ताई म्हणाल्या.

"ताई, आमच्याकडं तितराला असेच फासे लावतात."

"हो ना? आणि गंमत बघ, पोट भरलेलं असलं की ही फासे विणत नाही. जवळ किडा आला, खायला कमी पडलं, की विणते."

घरी जाऊन मी हे नवऱ्याला तीनदा सांगितलं. एवढं बारीक काहीतरी, डोळ्यांनी न दिसणारं, आणि ते मी माझ्या हातांनी वाढवते. शाळा सुटल्यापासून मला कोणी काही दाखवायला हाक मारलेली नव्हती.

ही बुरशी टोमॅटोवाले, वांगीवाले नेत होते. ताईंच्या मनात मात्र भात होतं. वरच्या अंगाला, वरंध घाटाकडं, हिर्डोशीच्या बाजूला एक शेतकरी होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांची भाताची रोपं दोन-तीन वर्षं पिवळी, खुजी राहत होती. ताईंनी उपटून पाहिलं होतं, मुळांची टोकं आकड्यासारखी वळलेली, गाठाळ. मामांनी पुढच्या हंगामात दोन वाफे द्यायचं कबूल केलं. एकात बुरशी घालायची, एकात नाही, आणि रोपं कशी येतात ते पाहायचं. भाताचं रोप जिथं वाढवतात त्या वाफ्याला इकडं तरवा म्हणतात. मामांकडं तेवढेच दोन बरे तरवे होते. वर्षाचं भात त्या दोन वाफ्यांतून उठणार.

मार्चच्या शेवटाला ताईंना ताप आला. पाकिटं तयार होती. ताई म्हणाल्या, "तूच जा. बायकाबायकांत बोलणं नीट होतं. मामींना समजावून सांग. पेरणीच्या आधी शेणखतात मिसळायची, पंधरा दिवस सावलीत गोणपाटाखाली झाकून ठेवायची, ओल राहू द्यायची, मग वाफ्यात." मी कागदावर लिहून घेतलं. शेडची हिरवी टोपी घातली. भोरच्या स्टँडवरून एसटीत बसले आणि मांडीवर पाकिटांची पिशवी धरली, जसं काही मूलच आहे.

मामींनी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं केलं होतं. "बस, जेव आदी. मंग औशीद," म्हणाल्या. जेवताना मामींनी माहेराचं विचारलं, आणि मी, नको होतं तितकं, सगळं सांगून टाकलं. नवऱ्याचं काम गेलंय, ताईंच्या कामावर सगळं आहे, हे गेलं तर परत गावी जावं लागेल, गावात तर आता आमच्या वाटणीचं घरही राहिलं नाही. मी मधेच "काऊन" म्हणाले तर मामी हसल्या. "काऊन म्हंजी का व्हय? लई गोड वाटतंय ऐकाया." मामा दारात बसून सगळं ऐकत होते. 

मग मी पाकिटं काढली आणि टोपी नीट केली. कागद बघून सांगितलं, शेणखतात मिसळा, झाका, वाफ्यात टाका. मामा लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं,

"भाजायच्या आदी टाकायचं का मागनं?"

मला कळलं नाही. आमच्याकडं कापूस, तूर, सोयाबीन. भात मी फक्त ताटात पाहिलेला. हे लोक कसलं भाजणं म्हणतात, कशाला भाजतात, केव्हा भाजतात, डोळ्यांपुढं काहीच आलं नाही. विचारायला तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. पण मी टोपी घालून बसले होते. शिकवायला आलेली बाई आणि तिलाच ठाऊक नाही, असं होईल. मामींनी नुकतंच मला कौतुकानं वाढलं होतं. कागदावर एकच शब्द होता, आधी. तो मी धरला.

"आधी," मी म्हणाले.

मामांनी पाकीट हातात फिरवून बघितलं. "न्हाई, म्हंजी आग लागंल ना त्येला. चालतंय न्हवं?"

आग हा शब्द मी ऐकला. खोटं कशाला बोलू, स्पष्ट ऐकला. पण तोवर मी एकदा बोलून बसले होते.

"ताईंनीच सांगितलंय."

"मंग झालं," मामा म्हणाले. "त्या शिकल्याली मानसं."

परत येताना एसटीत मी खूश होते. ताईंना फोनवर सांगितलं, सगळं नीट समजावलं. त्या म्हणाल्या, "शाबास गं."

पंधरा-वीस दिवसांनी वेल्ह्याच्या बाजूला माल पोचवायला आम्ही टेम्पोनं निघालो. मी पुढं, टेम्पोवाल्याशेजारी. नसरापूर सोडून आत गेलो तर डोंगराच्या उतारावर जागोजागी धूर. काळे चौकोन, काहींतून अजून धूर निघतोय. एका बांधावर बाई आणि बाप्या काठीनं विस्तव पुढं पुढं सारत होते.

"हे काय जाळून राहिले?" मी विचारलं.

"तरवं भाजत्यात," तो म्हणाला. "खाली शेण, त्येच्यावर झाडाच्या डहाळ्या, त्येच्यावर पालापाचोळा, गवात, वर माती. मंग वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं. तण मरतंय, किडा मरतोय, रोप जोरात येतं. तुमच्याकडं न्हाई व्हय?"

"नाही."

"मंग भात कसं लावता?"

 त्या धुरात मी कुकर बघत होते. रोज जो कुकर मी लावते, बाकीचं सगळं मारायला, तोच हा कुकर, फक्त जमिनीवर आणि त्यात माझी पाकिटं. मामांनी शेणाच्या थरात मिसळून घातली असणार, मी सांगितलं तसं. आग हा शब्दही त्यांनी मला दिला होता.

इथंच खरी गोष्ट आहे. अजून मे महिना जायचा होता. पेरणीला वेळ होता. त्याच संध्याकाळी मी ताईंना सांगितलं असतं तर नवी पाकिटं घेऊन, भाजलेल्या तरव्यात, माती थंड झाल्यावर घालता आली असती. पाकिटं शेडमध्ये पडूनच होती. एका एसटीचं काम. मी मामांना फोन लावला. तिकडं रेंज नसते, लागला नाही. पुन्हा लावला. लागला नाही, आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मी स्वतःला म्हटलं, प्रयत्न तर केला. मग तिसऱ्यांदा लावलाच नाही. कदाचित भाजलंच नसेल म्हटलं. कदाचित खाली खोल बुरशी जिवंत राहत असेल. कदाचित ताईंना काही कळणारच नाही.

ताईंना मी रोज बघत होते. ज्या बाईनं फिनाइल टाकलेल्या मोरीवर हसून घेतलं, ती हेही समजून घेईल, हे मला आतून माहीत होतं. तरी तोंड उघडलं नाही. दर वेळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आज सांगितलं तर विचारतील, काल का नाही सांगितलं. एक दिवस गेला की गोष्ट एका दिवसानं जड होते, आणि उचलायचं मन आणखी होत नाही.

जुलैच्या सुरुवातीला आम्ही दोघी हिर्डोशीला गेलो. पाऊस उघडला होता. दोन्ही तरवे शेजारी शेजारी, दोन्ही सारखेच पिवळे, मधेमधे टकलं पडल्यासारखे. ताईंनी रोप उपटलं, पाण्यात मुळं धुतली. आकडे, गाठी. दुसऱ्या तरव्यातलं उपटलं. तेच. ताईंचा चेहरा पडला.

"मामा, बुरशी घातली कधी?"

"भाजायच्या आदी."

"आधी?" ताईंचा आवाज चढला. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "अहो मामा, ती जिवंत वस्तू आहे! भाजल्यावर काय राहणार तिच्यात? हिनं सांगितलं नाही का तुम्हाला, नंतर घालायची म्हणून?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मामी पलीकडं बांधावर उभ्या होत्या, त्यांनीही बघितलं. मी चिखलातल्या माझ्या पायांकडं बघत होते. अंगठ्याला गवत गुंडाळलं होतं, ते मला आजही आठवतं, कारण तेवढा सगळा वेळ मी तेच पाहत होते. पावसाळी किडे ओरडत होते. 

"सांगितलं व्हतं," मामा म्हणाले. "माज्याच ध्यानात न्हाई ऱ्हायलं."

मामी वळून घराकडं निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी आम्हाला चहा विचारला नाही.

उतरताना ताई म्हणाल्या, "तुझी काही चूक नाही गं. एवढं समजावून सांगूनसुद्धा असं करतात लोक." मी मान हलवली. मान हलवली, हे लिहिताना हात थांबतो.

त्या वर्षी मामांनी भावकीतून रोप मागून आणलं आणि उरल्यासुरल्या रानात लावलं. हे मला बाजारात भेटलेल्या एका हिर्डोशीच्या बाईकडून कळलं. तिनं हेही सांगितलं की गावातली पोरं त्यांना आता बुरशीमामा म्हणतात. पारावर बसले की कोणीतरी विचारतंच, "काय मामा, औशीद भाजून खाल्लं म्हनं? चवीला कसं व्हतं?"

"मग ते काय म्हणतात?" मी विचारलं.

"काय म्हंत्याल! हासत्यात."

हे एवढ्यावर राहिलं असतं तरी मी कदाचित मनात गाडून टाकलं असतं. पण ताईंनी गावोगाव सभा घ्यायला सुरुवात केली. भोरच्या बाजूला, वेल्ह्याच्या बाजूला, देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या व्हरांड्यात. बुरशी म्हणजे काय, कशी वापरायची. लोक सुरुवातीला जांभया द्यायचे. मग ताईंनी एकदा तो किस्सा सांगितला. नाव न घेता. "आमच्या एका शेतकऱ्यानं काय केलं माहितीये? बुरशी घातली आणि वर आग लावली!" सभा अशी हसली की पत्रे वाजले. त्यानंतर लोक शेवटपर्यंत बसले, प्रश्न विचारले. ताईंना कळलं, हा किस्सा चालतो. मग तो प्रत्येक सभेत आला. मी मागं बसून पाकिटं वाटायचे. किस्सा जवळ आला की मला कळायचं, ताई आधी पाणी प्यायच्या. मी खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधायचे. पिशवीत काही नसायचं.

ताईंच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना वाटायचं, लोक हसले की लक्षात ठेवतात, आणि ते खरंही होतं. मी घातलेल्या खोट्यावर त्या प्रामाणिकपणे बोलत होत्या.

उत्रोलीच्या सभेच्या दिवशी ताईंना पुण्याला जावं लागलं. "आता तुला सगळं पाठ आहे. तू बोल," त्या म्हणाल्या. "आणि भाजणीचा किस्सा विसरू नको. तिथंच लोक जागे होतात."

मी आठवीपर्यंत शिकलेली बाई, तीस-चाळीस माणसांपुढं उभी.  सूत्रकृमी सांगितले, फासे सांगितले, तितराचं सांगितलं. लोक मोबाईलमध्ये बघत होते. एकजण उठून गेला. मला वाटलं, आता सगळेच उठतील, ताई काय म्हणतील. मी पाणी प्यायले.

"आमच्या एका शेतकऱ्यानं काय केलं माहिती आहे का?"

हसले. लोक हसले, मोबाईल खाली गेले, एकजण म्हणाला, "ह्यो कुनीकडचा गं बाई?" आणि मी पण हसले, सभेबरोबर, हलकं वाटून. वर मान केली तर मागच्या खांबाजवळ मामा उभे होते.

त्यांची लेक उत्रोलीला दिली होती, हे मला मागाहून कळलं. ती म्हणाली असेल, चला बा, तुमच्या भाताची सभा आहे. मामांच्या डोक्यावर टोपी, काखेत छत्री. ते पण हसत होते. सगळे हसतात तसं, तोंड उघडून, शेजारच्याकडं बघत, जसं काही तो शेतकरी दुसराच कोणी आहे. शेजारचा त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय काय लोकं असत्यात बगा!" आणि मामा म्हणाले, "व्हय की!"

पुढं मी काय बोलले ते मला आठवत नाही. सभा संपली, मी पाकिटं गोळा करत होते. मामा जवळ आले.

"बरं बोलतीस की आता," म्हणाले. "मामीला सांगतो. नवऱ्याला काम लागलं का?"

"लागलं, मामा."

"मंग चांगलं झालं." आणि छत्री उघडून गेले. टोमणा नव्हता त्यात. मी शोधला, सापडला नाही. टोमणा असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी ज्वारी उकडत असताना मी ताईंना सांगितलं. बसून, नीट असं नाही. पातेल्यात काठी फिरवत, त्यांच्याकडं न बघता. मामांनी विचारलं होतं, मीच आधी म्हणाले, तुमचं नाव घेऊन म्हणाले. टेम्पोतून धूर बघितला तेव्हाच कळलं होतं. 

ताईंनी माझ्या हातातली काठी काढून घेतली. मग म्हणाल्या, "एप्रिलमध्ये कळलं होतं तुला?"

"हो."

"म्हणजे वेळ होता." त्यांनी गॅस बंद केला. "चुकलीस त्याचं काही नाही. मीही ह्या भागात नवीन असताना चुकले असते. भाजणीचं मी पण तुला कागदावर लिहून द्यायला पाहिजे होतं. पण मी त्या माणसावर पंधरा गावांतल्या लोकांना हसवलं. तू मागं बसून ऐकत होतीस."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठून बाहेर गेल्या आणि आंब्याखाली उभ्या राहिल्या, आणि मला कळलं की त्यांनाही लाज वाटतेय, माझ्यापायी.

कामावरून मला काढलं नाही. ज्या भीतीनं मी हे सगळं केलं ती भीती खोटी होती, हे कळायला मला इतकं नुकसान करावं लागलं, आणि नुकसान माझं झालंच नाही.

आम्ही दोघी हिर्डोशीला गेलो. ताईंनी मामांच्या पायांशी वाकून माफी मागितली. मामा अवघडले. "तुमी कशापायी? उठा, उठा." मग मी बोलले. मामांनी खाली बघत ऐकलं. मामींनी मात्र सूप बाजूला ठेवलं.

"हे मला पयल्या दिशी ठावं व्हतं," मामी म्हणाल्या. "ह्यांनी मला गप ऱ्हा म्हनलं. म्हनले, पोर लांबची हाय, तिचं काम जाईल. बरं म्हनलं. पर वरीसभर पारावर ह्यांनी ऐकलं, म्या पान्यावर ऐकलं. तू तवाच बोलली असतीस तर आमचं रोप वाचलं असतं. आता बोलून काय वाचलं, ते सांग."

मी सुपाबाहेर सांडलेले दाणे वेचायला लागले. 

"ऱ्हाऊ दे गं," मामा म्हणाले.

"का ऱ्हाऊ दे? तुमी लई ऱ्हाऊ दिलं."

मामांनी सूप माझ्यापासून लांब सरकवलं. मग मला म्हणाले, "यंदा एक तरवा देतो. एकच. पर तू हितं पायजेस. भाजायच्या दिशी बी आन टाकायच्या दिशी बी. लोकं इचारत्याल, तूच सांगायचं. म्या न्हाई सांगनार."

भाजणीच्या दिवशी मी पहाटेच्या एसटीनं गेले. डहाळ्या मामींबरोबर रचल्या, हात ओरबाडले. मामांनी वारा बघून पेटवलं. तो धूर टेम्पोतून पाहिला होता त्याहून फार वेगळा असतो, जवळून डोळे चुरचुरतात आणि माती आतून तडतडते. दोन दिवसांनी पुन्हा गेले. राखेत हात घालून बघितला, खालीपर्यंत. थंड होती. मग बुरशी मिसळून आधीच पंधरा दिवस गोणपाटाखाली मुरवून ठेवलेलं खत मी पसरायला घेतलं. मामा बांधावर बसले होते, तंबाखू मळत.

तरवा वाटेच्या कडेला आहे. पहिला माणूस गेला तो थांबला. "काय मामा, परत बुरशी?"

मामांनी तंबाखूवरून नजर उचलली नाही. "तिला इचार."

मी उभी राहिले. हात खतानं भरलेले. "भाजल्यावर टाकायची असते ही. गेल्या वर्षी मी मामांना चुकीचं सांगितलं होतं. भाजायच्या आधी टाका म्हणाले. त्यांनी मी सांगितलं तसंच केलं."

"आरं तिच्या! म्हंजी बाईच कच्ची निघाली व्हय!" तो हसला आणि गेला. पुढं जाऊन त्यानं कोणाला तरी सांगितलं असणार, कारण मग दोघी बायका हंडे घेऊन मुद्दाम त्या वाटेनं आल्या. त्यांनीही मामांना विचारलं, मामांनी माझ्याकडं बोट केलं, मी पुन्हा सगळं सांगितलं. मग शेळ्या घेऊन एक म्हातारे आले, त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांना मोठ्यानं सांगावं लागलं. इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या रानातली माणसं उभी राहून बघायला लागली.

म्हातारे मामांकडं वळले. "तवा बोलला का न्हाईस रं?"

मामांनी हातावरची तंबाखू झटकली. ते माझ्याकडं बघत होते, मी त्याचंही उत्तर देणार आहे का ते बघत. आणि मला द्यावं लागलं. "माझं काम जाईल म्हणून," मी ओरडून म्हणाले. "मला वाचवायला."

म्हाताऱ्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं, शेळ्यांना हाकलं आणि गेले. मी खाली बसून उरलेलं खत पसरायला लागले. तरवा अर्धा राहिला होता आणि वाटेवर पुढून आणखी कोणीतरी येत होतं.